अंगणांतील देशी झाडें

घरापुढें चार हात मोकळी जागा मिळाली, कीं आपण प्रथम तेथें हिरवळ लावितों, फाटकावर बोगनवेल चढवितों व शोभेच्या कुंड्या मांडितों. दृश्य गोड दिसतें खरें. परंतु पुण्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांतच पडतो. वैशाखांत विहीर आटूं लागली, म्हणजे त्या हिरवळीस पाणी कोठून आणावें, हा प्रश्न घरांतील वडील मंडळींस पडतोच. याच हवेंत वाढत आलेलीं झाडें अशा उन्हाळ्यास सरावलेलीं असतात.

दुसरा लाभ सहसा ध्यानांत येत नाहीं. मागें एकदां आमच्या कढीलिंबाचीं पानें कुरतडलेलीं दिसूं लागलीं. पाहूं गेलों, तों पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी! मी ती चिरडणार, इतक्यांत धाकट्या कन्येनें माझा हात धरिला. पुढें ती अळी हिरवीगार झाली; डिंवचतांच मस्तकामागून तांबडें, दुभागलेलें शिंग बाहेर काढी व उग्र दर्प सोडी. मग तिचा कोष झाला, आणि एके सकाळीं त्यांतून काळें फुलपांखरूं निघालें. त्याच्या मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती. हें फुलपांखरूं कढीलिंब, लिंबू अशा मोजक्याच झाडांवर अंडीं घालितें. तीं नसतील, तर अंगणांत फुलांचा सडा असूनहि त्याचा वंश तेथें वाढत नाहीं. रुईवरची अळी निराळी, बहाव्यावरची निराळी. कुरतडलेलें पान दिसतांच औषध फवारणाऱ्यांनीं हें मनांत आणावें.

लहान अंगणास कढीलिंब, पारिजातक व तगर पुरेत. कुंपणास अडुळसा उत्तम, कारण शेळ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. जागा ऐसपैस असेल, तर भिंतीपासून बरेंच दूर बहावा किंवा तामण लावावा. तामणाचें फूल महाराष्ट्राचें राज्यपुष्प आहे. वैशाखांत खड्डे खणून त्यांत माती व शेणखत भरावें, आणि मृगाचा पाऊस जमिनींत मुरल्यावर रोपें लावावीं. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावेंच लागतें. देशी झाड म्हणजे पाण्यावांचून जगणारें झाड, या समजुतीनें पुष्कळ रोपें वाळतात.

परदेशी झाड दिसलें कीं उपटावें, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. दसऱ्याच्या तोरणांतील झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, गुलमोहर मादागास्करचा. ते आतां घरचेच झाले. भय आहे तें घाणेरीचें. अमेरिकेंतील हें झुडूप १९ व्या शतकाच्या आरंभीं शोभेसाठींच हिंदुस्थानांत आणिलें गेलें. आज त्यानें कितीतरी डोंगरउतार व्यापिले असून त्याखालीं रानच्या रोपांस डोकें वर काढितां येत नाहीं. पक्षी त्याचीं फळें खातात व बीं दूरवर टाकितात. तेव्हां आपल्या कुंपणांत लाविलेली घाणेरी कुंपणांतच राहील, असें कोणी समजूं नये.