ताटातुटीची पहिली मराठी पुस्तके

प्रेमकथेला रहस्याची जोड देणारी मराठी कादंबरी १८६१ इतकी जुनी आहे. त्या वर्षी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली. खलपुरुषाच्या कारस्थानाने पतिपत्नी दुरावतात, नायिकेवर एकामागून एक संकटे कोसळतात आणि पुढे काय झाले, या ओढीने वाचक पाने उलटत राहतो. चारच वर्षे आधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांची दुःखे मांडली होती; पण पुढच्या लेखकांनी धरली ती हळब्यांची अद्भुतरम्य वाट. त्यांचीच ‘रत्नप्रभा’ १८६६ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. ‘मंजुघोषा’त तर विमानही आहे, राइट बंधूंच्या उड्डाणाच्या ३५ वर्षे आधी!

‘मधली स्थिती’ (१८८५) घेऊन हरिभाऊ आपटे आले आणि या कादंबऱ्या मागे पडल्या. या जुन्या कादंबऱ्यांची भाषा संस्कृतप्रचुर, योगायोग फार. तरीही हरवलेल्या माणसाच्या शोधात वाचकाला गुंतवून ठेवण्याची हातोटी मराठी गद्याला त्यांनीच दिली, आणि त्याबद्दल त्या पुन्हा वाचायलाच हव्यात.

आता ही पुस्तके मिळवायची, तर नगर जिल्ह्यातल्या मिरजगावच्या वाचकाने त्यांचा शोध पुण्याआधी नगरला सुरू करावा. तिथले जिल्हा वाचनालय १८३८ चे, म्हणजे ‘मुक्तामाले’हून २३ वर्षांनी थोरले. शिवाय लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे या कादंबऱ्या आज कोणालाही नव्याने छापता येतील.