लॉकडाऊनमध्ये सुरू झालेली गोळी: ती एका झटक्यात बंद करू नका

पालकहो, आधी कामाची गोष्ट सांगतो, बाकीचं नंतर. मुलाच्या खिशात, दप्तरात किंवा गादीखाली झोपेच्या गोळ्यांची पट्टी सापडली, तर ती गटारीत फेकून मुलाला खोलीत कोंडू नका. आपल्याकडे बहुतेक घरांत नेमकं हेच होतं. अब्बा दोन कानाखाली देतात, अम्मी रडते, मोबाइल काढून घेतला जातो आणि बाहेरून कडी लागते. घरच्यांना वाटतं, दोन-चार दिवस तळमळेल आणि सुटेल. पण या गोळ्यांच्या बाबतीत ते दोन-चार दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात.

असं का, ते कळायला ही सवय कुठून लागली ते बघावं लागेल. आज जी मुलं १८-२० वर्षांची आहेत, कुणी कॉलेजात, कुणी लूमवर, कुणी गॅरेजमध्ये, ती कोविड आला तेव्हा सातवी-आठवी-नववीत होती. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी पहिली गोळी त्या दोन वर्षांत घेतली. आम्ही शिक्षक मंडळी हे वर्ग उघडल्यावर बघत आलो आहोत, आणि त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट वारंवार पुढे येते. मजा म्हणून सुरुवात करणारे कमी होते. ‘सर, झोप येत नव्हती’ हे सांगणारे जास्त होते.

ते दिवस आठवा. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला, शाळा त्याआधीच बंद झाल्या होत्या. भिवंडी आणि मालेगावचे यंत्रमाग थांबले. ज्या घरात आठवड्याच्या पगारावर चूल पेटते, तिथे दुसऱ्या आठवड्यापासूनच उसनवारी सुरू झाली. मालेगावात एप्रिल-मे मध्ये खासगी दवाखाने बंद, सरकारी दवाखान्याची भीती, आणि कब्रस्तानात रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त दफनं. त्या वर्षीचा रमजान घरात गेला, तरावीह घरात, २५ मे ची ईद सुद्धा घरात. मोठ्यांनी ते कसंबसं सोसलं. पण १३-१४ वर्षांच्या मुलाने काय करायचं? दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. दादीचा श्वास लागला तर सगळ्यांच्या नजरा एकमेकांकडे. रात्री अब्बा आणि अम्मी पैशावरून हळू आवाजात भांडतात, आणि हळू आवाजातलं सगळं ऐकू येतं.

ऑनलाइन शाळेचं तर काय सांगावं. घरात एक स्मार्टफोन, तो अब्बांसोबत बाहेर. संध्याकाळी तो हातात आला की तीन भावंडांत वाटणी. अभ्यासाचं पीडीएफ उघडायचं की पबजी, हे सांगायची गरज नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली, पण रात्रभर जागायची सवय काही बंदीने जात नाही. रमजानमध्ये सहेरीपर्यंत जागणं आणि जोहरपर्यंत झोपणं हे एरवी महिन्यापुरतं असतं. त्या वर्षी ते वर्षभर चाललं. आणि रात्र-दिवस उलटे झाले की मन ठिकाणावर राहत नाही. छातीत धडधड, विनाकारण राग, पोटात कसंतरी होणं, काहीच करावंसं न वाटणं. याला आपल्या घरात नाव नव्हतं. ‘आळशी झालाय’ एवढंच नाव होतं.

शाळाही नीट उघडेनात. काही जिल्ह्यांत २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद. शहरांत आठवी ते बारावी आणि खेड्यांत पाचवी ते बारावी रीतसर उघडली ती ४ ऑक्टोबर २०२१ ला. मधल्या काळात २०२१ ची दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. पेढे वाटले गेले. पण ज्या मुलाला आपण काहीच शिकलो नाही हे आतून माहीत होतं, तो अकरावीच्या वर्गात बसला तेव्हा फळ्यावरचं त्याला कळेना. ती भीती वेगळीच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत देशातल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद २०१९ मध्ये १०,३३५ आहे, २०२० मध्ये १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९. या सगळ्यांमागे कोविडच होता असं आम्ही म्हणत नाही. पण शाळा बंद होत्या म्हणून मुलं निवांत होती, हा समज तरी या आकड्यांपुढे टिकत नाही.

अशा वेळी गल्लीच्या तोंडावरचा कुणी मोठा मुलगा म्हणतो, ‘ही खा, शांत झोप लागेल.’ आणि खरंच लागते. गोळीचं हेच फसवं आहे, ती पहिल्या दिवशी सांगितलेलं काम करते. मालेगावकडे हिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, औरंगाबादकडे अशाच गोळ्यांना ‘बटन’. नाव काहीही असो, आत बहुतेक वेळा अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपाम असतं. ही खरी औषधं आहेत. घाबरेपणा, निद्रानाश यांसाठी डॉक्टर मोजक्या दिवसांपुरती लिहून देतात. कायद्याने ती ‘शेड्यूल एच-वन’ मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि विकली की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिल्या, हे मेडिकलवाल्याने रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपून ठेवायचं असतं. तरीही सुटी गोळी मिळते. कशी मिळते, हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यातल्या कमिट्यांनी मुलांच्या आधी दुकानांना विचारायला हवा.

आता गोळी डोक्यात काय करते ते. आपल्या मेंदूत धावायला लावणारी यंत्रणा आहे तशी आवरणारी पण आहे, गाडीच्या ब्रेकसारखी. ही गोळी तो ब्रेक दाबून धरते. म्हणून धडधड थांबते, डोळे मिटतात. पण रोज बाहेरून ब्रेक दाबला जाऊ लागला की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो, आणि धावायची यंत्रणा अजून जोर लावते. म्हणून एकाच्या दोन गोळ्या लागतात, दोनाच्या चार. आणि एक दिवस अचानक गोळी काढून घेतली, तर ब्रेक नसलेली गाडी उताराला लागते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप पार उडते, मुलगा भिंतीवर डोकं आपटतो, कधी नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं. आणि कधी फिट येते. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं, म्हणून हे पुढच्या एक-दोन दिवसांतच सुरू होऊ शकतं.

नेमकं इथेच आपल्या घरांत घोळ होतो. कोंडलेल्या पोराचे डोळे वर गेले, तोंडाला फेस आला, तो कुणाशी तरी बडबडू लागला, की शेजारची खाला म्हणते, ‘असर झालाय.’ मग आमिलाकडे. पाणी फुंकून आणणं, तावीज, धुनी. दुआ करायला कोण नको म्हणतो? अवश्य करा, रिक्षात बसून करा, पण रिक्षा दवाखान्याकडे वळवा. औषध घेणं आपल्या दीनमध्ये मना नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, तोंडात चमचा, पाणी, काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा एकामागून एक आली, तर १०८ ला फोन. मुळात पहिल्यांदाच फिट आली असेल तर थांबली तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच.

डॉक्टर काय करतात? गोळी बंद करत नाहीत, उतरवतात. हळू उतरणारं दुसरं औषध मोजून देतात आणि काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, ते कमी-कमी करत नेतात. बरेच पालक इथे चिडतात: ‘गोळी सोडवायला आणलं तर डॉक्टर अजून गोळ्याच देतो!’ तो योग्यच करतोय. फक्त ते औषध मुलाच्या हातात पूर्ण पट्टी न देता अम्मीने रोजचं रोज द्यावं. आणि ज्या घाबरेपणावर त्याने स्वतःच गोळी शोधली होती, त्याचा इलाज त्याच वेळी सुरू व्हायला हवा. नाहीतर गोळी सुटते, झोप येत नाही, आणि पाय परत त्याच कोपऱ्याकडे वळतात.

गोळीसोबत खोकल्याचं कोडीनवालं सिरप घेणारे पण आहेत, ठाणे-मुंब्रा-भिवंडी पट्ट्यात तर हे जुनंच दुखणं. हे दोन्ही एकत्र गेले की श्वास मंद होत जातो. मुलगा न उठणारी झोप झोपलाय, विचित्र घोरतोय, ओठ निळसर पडलेत, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. लगेच उचला.

त्याहून लहान मुलांचं व्यसन वेगळं आहे: व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत हुंगायची नशा हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त होतं, मुलांत १.१७ टक्के तर मोठ्यांत ०.५८. कोविडच्या आधीचे हे आकडे. रुमालाला रंगाचा वास, तोंडाभोवती पुरळ, सारखं नाक पुसणं, एवढं तरी घरात लक्षात यायला हवं.

मुलींबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून दोन शब्द. त्यांच्या हाती कोपऱ्यावरची गोळी सहसा येत नाही. त्यांचं दुखणं डोकेदुखी होऊन येतं, चक्कर होऊन येतं. वर्ग उघडले तेव्हा आमच्या हजेरीपटावरची काही नावं परत आलीच नाहीत, रिश्ते ठरले होते. ज्या आल्या, त्यांच्यातल्या काहीजणी बोलायच्याच बंद झाल्या होत्या. घरात दादीच्या झोपेच्या किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर त्या कुलपात ठेवा. आणि मुलगी ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं म्हणाली, तर ‘तौबा कर’ म्हणून विषय मिटवू नका. तिच्याजवळ बसा, सरळ विचारा, एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी फोन करा. टेली-मानस १४४१६, मोफत, रात्री-बेरात्री पण, मराठीत आणि हिंदीत बोलता येतं.

पालक दवाखान्यात जात नाहीत त्याचं खरं कारण पैसा नाही, बदनामी आणि पोलीस. पोलिसांचं आधी. एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे, त्यात ६४-ए हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी इलाजाला गेला आणि त्याने तो पूर्ण केला, तर सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. मध्येच इलाज सोडला तर हे संरक्षण जाऊ शकतं, म्हणून अर्ध्यावर सोडायचं नाही. उलट मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बदनामीचं म्हणाल, तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे डॉक्टरने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. शाळांनी मात्र इथे आपलं वागणं बघायला हवं. आमच्या भागातल्या एका शाळेने दप्तरात पट्टी सापडलेल्या मुलाच्या हातात दुसऱ्याच दिवशी दाखला दिला. दाखला मिळालेलं पोर कुठे जातं? ज्याने गोळी दिली त्याच्याकडेच.

आणखी एक. ‘नशामुक्ती केंद्र’ अशी पाटी दिसली म्हणून मुलाला तिथे टाकून येऊ नका. त्याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणं पूर्ण मना आहे, तरी काही ठिकाणी बांधतात, मारतात. मान्यता कुणाची आहे, डॉक्टर रोज येतो का, आपल्याला भेटू देतात का, हे तिथेच विचारा. भेटू देत नसतील तर उलट्या पावली परत या.

जायचं कुठे, तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात. मालेगावकरांना धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडतं, औरंगाबादकरांना घाटी, भिवंडी-मुंब्र्याच्या लोकांना ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. तिथे नाव मोठं ऐकून घाबरू नका, ओपीडीत दाखवून संध्याकाळी घरी येता येतं. व्यसनासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही वेगळी हेल्पलाइन आहे, ती जवळचं केंद्र सांगते. जाताना सापडलेली पट्टी, रिकामी असली तरी, सोबत न्या. कोणती गोळी, किती ताकदीची, रोज किती आणि शेवटची कधी घेतली, एवढं डॉक्टरला हवं असतं, आणि ते मुलगाच सांगू शकतो. म्हणून त्याच्याशी बोलणं चालू ठेवा, आणि डॉक्टर बघेपर्यंत त्याची गोळी तुम्ही बंद करू नका.