खलनायक कसा असावा?

कथा म्हटली की तिच्यात नायक आला, आणि नायकामागोमाग त्याचा प्रतिपक्षीही आला. रावणावाचून रामकथा पुढे सरकत नाही. कीचक वगळला तर विराटनगरीतील अज्ञातवासाची कथा फिकी पडते. अशा प्रतिपक्ष्यास आपण खलनायक म्हणतो. नाटकात व चित्रपटात तो आपल्याला दुरून दिसतो. परंतु व्हिडिओ गेमचा एक प्रकार असा आहे की, त्यात खेळणाराला स्वतःच कथेतील एक पात्र व्हावे लागते. कोठे जावे, कोणाला साह्य करावे, कोणाशी लढावे, हे त्यानेच ठरवावयाचे असते. त्याला भूमिकाखेळ म्हणता येईल.

या खेळाचा उगम संगणकात झालेला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. तो कागद, पेन्सिल व फासे घेऊन मेजाभोवती बसून खेळतात. एक जण कथा सांगतो आणि खलनायकाच्या वतीने बोलतो. बाकीचे आपापली पात्रे चालवितात. पुढे हीच रीत संगणकाने उचलली.

असा एखादा खेळ आपल्याला रचावयाचा आहे असे समजा, आणि त्याचे स्थळ आहे छत्रपती संभाजीनगर म्हणजेच पूर्वीच्या औरंगाबादेतील शहागंज. या शहराला सतराव्या शतकात मलिक अंबराने नहर बांधून दिली. डोंगरात झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरातील हौदांपर्यंत तिने आणले. आता कल्पना करा : दुष्काळ पडला आहे, नहरीचे पाणी आटत आहे आणि शहागंजच्या हौदाला कोणीतरी कुलूप ठोकले आहे. हा कोणीतरी कसा असावा?

लाल डोळ्यांचा, विकट हसणारा राक्षस, हे पहिले उत्तर सहज सुचते. पण असा राक्षस दोन घटकांत कंटाळा आणतो. तो दुष्ट आहे म्हणून दुष्टपणे वागतो, एवढेच त्याच्याविषयी सांगता येते.

त्याच्यात जीव आणावयाचा तर प्रथम त्याचे कृत्य खेळणाराच्या जिव्हाळ्याला भिडले पाहिजे. पुण्यातील कलावंतांनी घडविलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा साहसखेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात महाबलासुर नावाचा असुर आहे. असुरांनी जगावर स्वारी केली, एवढ्याने मन हलत नाही. पण राजी या मुलीच्या धाकट्या भावाला ते पळवून नेतात, तेव्हा लढण्याला कारण मिळते. शहागंजच्या खेळातही ‘नगर तहानलेले आहे’ असे नुसते सांगून भागणार नाही. ज्या म्हातारीने खेळणाराला आरंभी घरात आसरा दिला, तिचीच घागर हौदावरून रिकामी परत यावी.

दुसरी गोष्ट, खलनायकाचे बळ खेळणाराला अगोदरच प्रत्ययास यावे. ‘फायनल फँटसी सात’ या १९९७ सालच्या जपानी खेळात सेफिरॉथ नावाचा योद्धा आहे. पूर्वकथेत तो नायकाच्या बाजूनेच लढतो. नायकाला जो शत्रू आवरत नाही, त्याला तो सहज लोळवितो. पुढे स्वतःच्या जन्मामागील प्रयोगाची कागदपत्रे वाचून त्याचे मन फिरते आणि तो नायकाचे गाव जाळतो. ज्याच्या आधाराने आपण चाललो, तोच उलटला, याचा धक्का वर्णनाने बसला नसता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खलनायक स्वतःला खल समजत नाही. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ हा मराठी चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविला गेला. त्यातील हिंदुराव धोंडे-पाटील ही भूमिका निळू फुले यांनी केली. हिंदुराव साखर कारखाना चालवितो आणि निराधार मास्तरांना आपल्या घरी प्रेमाने ठेवून घेतो. त्याचे आदरातिथ्य खोटे वाटत नाही. मात्र गावातील एका माणसाचे काय झाले, असे मास्तर विचारू लागताच त्या प्रेमामागील सत्ता उघडी पडते.

आता हौदाचे कुलूप पुन्हा पाहू. ते लावणारा नहरीचा दरोगा आहे. मागील दुष्काळात पाणी वेळेआधी संपले आणि त्याचे मूल दगावले. म्हणून या वेळी पावसाळा येईपर्यंत पाणी पुरवावयाचेच, असा त्याचा निर्धार आहे. हे चूक कसे म्हणावे? परंतु किती पाणी उरले हे तो कोणास सांगत नाही; हिशेब मागणाराला कोठडीत टाकतो; कोणाच्या घरी पाणी जावे हे एकटाच ठरवितो. त्याचा हेतू समजतो, पण अन्याय लपत नाही.

येथे खेळणाराची खरी परीक्षा सुरू होते. कुलूप तोडले तर म्हातारीला आज पाणी मिळेल, पण पाऊस येण्याआधीच हौद कोरडा पडेल. तसेच राहू दिले तर ती आजच तहानेने व्याकूळ होईल. दरोग्याला ठार करून पाणी वाढत नाही. हिशेब चव्हाट्यावर आणून, सर्वांच्या देखत पाणी वाटून घेणे हा मार्ग आहे. तो लांबचा आणि कष्टाचा आहे. शिवाय कुलपाची किल्ली एकदा खेळणाराच्या हाती आली की, तोही आपल्या ओळखीच्यांना चार घागरी अधिक देईल काय, हा प्रश्न उभा राहतो. तसे त्याने केले, तर दरोग्याची जागा त्यानेच घेतली असे होईल.

उत्तम खलनायक हेच काम करतो. वाईट गोष्ट नेहमी भेसूर मुखवटा घालून येत नाही. पुष्कळदा ती लोकांच्या भल्याची भाषा बोलत येते, हे तो दाखवून देतो. त्याचे दुःख समजून घेणे म्हणजे त्याचे कृत्य मान्य करणे नव्हे. हे दोन्ही वेगळे राखण्याची सवय ज्याला लागली, त्याला खेळाबाहेरच्या जगातही कुलूप कोणी लावले आणि हिशेब कोणी लपविला, हे ओळखता येईल.