कंपवाताच्या रुग्णाचा तोल : मापन विश्वासार्ह कसे होईल ?

तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहरातील शनवारा हा जुन्या वेशीजवळचा वर्दळीचा भाग होय. अशा रस्त्यावर मागून हाक आली की निरोगी मनुष्य सहज वळून पाहतो. कंपवाताच्या रुग्णास मात्र हे साधे वळणेच कठीण जाते. पाय जमिनीस खिळल्यासारखे होतात आणि तोल जातो. उतारवयात अशा पडण्याने खुब्याचे हाड मोडल्यास मनुष्य परावलंबी होतो. म्हणूनच रुग्णाचा तोल किती ढळला आहे, हे वेळीच व अचूक जाणणे अगत्याचे ठरते.

इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यावरून त्यास ‘पार्किन्सनचा आजार’ हे नाव पडले. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी क्षीण झाल्याने कंप, ताठरता व हालचालींतील मंदपणा ही लक्षणे उद्भवतात. लेव्होडोपा या औषधाने त्यांना बराच उतार पडतो. तोलावर मात्र त्याचा गुण तितकासा येत नाही. त्यासाठी व्यायामोपचारांची जोड द्यावी लागते आणि त्यांचा लाभ होतो की नाही, हे मापनावरूनच कळते.

तोल मोजण्याच्या काही पद्धती सर्वमान्य आहेत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णाने खुर्चीवरून उठावे, तीन मीटर चालावे, वळून परत यावे व पुन्हा बसावे, अशी अपेक्षा असते. त्यास लागलेले सेकंद मोजले जातात. ‘बर्ग मापनश्रेणी’त चौदा कृती असून प्रत्येकीस शून्य ते चार असे एकूण ५६ गुण असतात. रुग्णास मागून खांद्यास झटका देऊन तो कसा सावरतो, हे पाहण्याचीही एक चाचणी आहे. ती केवळ प्रशिक्षित व्यक्तीनेच करावयाची असते. घरी तिचा प्रयोग कदापि करू नये.

केळीचा एकच घड दोन काट्यांवर निरनिराळ्या वजनाचा भरला, तर शेतकरी काट्यावरच संशय घेईल. तोलाच्या मापनासही हाच न्याय लागू पडतो. एकाच रुग्णास दोन तपासनिसांनी जवळपास सारखेच गुण दिले आणि प्रकृतीत बदल नसताना पुन्हा तपासल्यावर तेच गुण आले, तरच ते मापन विश्वासार्ह मानावे. कंपवातात अडचण अशी की, औषधाचा अंमल असताना नीट चालणारा रुग्ण अंमल ओसरताच अडखळू लागतो. सकाळी औषधानंतर व सायंकाळी औषधापूर्वी घेतलेल्या मापांची तुलना केल्यास व्यायाम निरुपयोगी ठरल्याचा चुकीचा निष्कर्ष निघेल आणि चांगला उपचार सोडला जाईल.

यास्तव चाचणी औषधानंतर ठरावीक वेळाने घ्यावी. खुर्ची, पादत्राणे, हातातील काठी व दिलेल्या सूचना दर वेळी त्याच असाव्यात. मोजणीपूर्वी एकदा सराव करू द्यावा. रुग्णाजवळ आधारास मनुष्य उभा असावा. किंचित फरकाने हुरळून अथवा खचून जाऊ नये. २००८ मधील एका अभ्यासानुसार, अशा रुग्णांत बर्ग श्रेणीतील फरक पाच गुणांहून कमी असल्यास तो मोजणीतील चढउतारही असू शकतो.

कुटुंबीयांनीही एक वही ठेवावी. औषधाची वेळ, रुग्ण कधी व कोठे पडला, त्या वेळी तो काय करीत होता, याची नोंद तीत करावी. लिहिता न येणाऱ्यांस गावातील शिक्षकांनी साहाय्य करावे. अशी वही डॉक्टरांपुढे ठेवल्यास दवाखान्यातील काही मिनिटांच्या तपासणीत न दिसणारी गोष्टही त्यांच्या ध्यानी येईल आणि पुढील अपघात टाळण्याचा मार्ग सापडेल.