पर्वतनामे आणि परभाषा : ‘मॅटरहॉर्न’ व ‘पश्चिम घाट’

विशेषनाम केवळ निर्देश करते, गुणधर्म सांगत नाही, असे जॉन स्टुअर्ट मिल याने प्रतिपादिले. स्थलनामांच्या बाबतीत हे मत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. जव्हार-मोखाडा परिसरातील साखरशेत, शिरपामाळ, सूर्यमाळ ही नावे उच्चारताच मराठी भाषकाला त्यांतील ‘शेत’ आणि ‘माळ’ ऐकू येतात. जमिनीशी असलेला माणसाचा व्यवहार अशा नावांत साठलेला असतो. नाव परभाषेत गेले म्हणजे निर्देश टिकतो, परंतु हा अर्थ गळून पडतो. पर्वतनामांत ही प्रक्रिया विशेष स्पष्टपणे दिसते.

स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील मॅटरहॉर्न (४४७८ मीटर) हे आल्प्समधील शिखर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जर्मन भाषेत ‘माटे’ म्हणजे कुरण व ‘हॉर्न’ म्हणजे शिंग. पायथ्याच्या झेरमाट या गावाच्या नावातही हेच कुरण आहे. कुरणावर गुरे चारणाऱ्याच्या नजरेतून पडलेले हे नाव होय. त्याच शिखराला इटालियन भाषेत ‘चेर्विनो’ म्हणतात. इंग्रजीने जर्मन नाव स्वीकारले. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर व त्याचे सहकारी प्रथमच माथ्यावर पोहोचले आणि उतरताना त्यांतील चौघे दगावले. त्यानंतर या नावाची ख्याती फार वाढली. परंतु इंग्रजी वाचकाला त्यात कुरण ऐकू येत नाही. दिसतो तो फक्त टोकदार सुळका. म्हणूनच गढवालमधील शिवलिंग शिखराला ‘भारताचे मॅटरहॉर्न’ म्हटले जाते. येथे विशेषनाम सामान्यनामाकडे झुकले आहे.

‘घाट’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट झाला. मराठीत घाट म्हणजे डोंगर चढण्या-उतरण्याची वाट : बोरघाट, थळघाट, नाणेघाट. नदीकाठच्या पायऱ्याही घाटच. पर्वताचे नाव मात्र सह्य, सह्याद्री. पुराणांतील सात कुलपर्वतांत त्याची गणना होते. किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपियनांना देशावर जाण्यासाठी ज्या वाटा चढाव्या लागत, त्या वाटांचे नाव त्यांनी सबंध पर्वतरांगेला दिले. यूल व बर्नेल यांच्या १८८६ मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हा क्रम नोंदलेला आहे : प्रथम नदीचा उतार, मग डोंगरातील वाट, आणि त्यावरून पर्वतरांग. पुढे पूर्व किनाऱ्याच्या डोंगरांनाही तेच नाव मिळाले. अशा रीतीने सामान्यनाम विशेषनाम झाले.

मॅटरहॉर्नच्या बाबतीत न घडलेली एक गोष्ट येथे घडली. इंग्रजीने घडविलेले नाव भाषांतरित होऊन ‘पश्चिम घाट’ या रूपाने मराठीत परत आले. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतून ते रूढ झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने या पर्वतरांगेतील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिल्यानंतर शासकीय व वृत्तपत्रीय भाषेत ते अधिकच दृढ झाले. तापीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सुमारे १६०० किलोमीटरच्या रांगेला सर्व राज्यांना चालेल असे नाव हवे, ही गरज नाकारता येणार नाही. म्हणून ‘पश्चिम घाट’ या संज्ञेला विरोध करण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो जुन्या अर्थाच्या जतनाचा. कोकणातला मनुष्य ‘घाटावर गेला’ असे म्हटले, म्हणजे तो डोंगरावर जाऊन बसला असा अर्थ होत नाही. तो वाट चढून पलीकडच्या देशावर गेला. मोखाड्याहून त्र्यंबककडे जाणाऱ्याचा अनुभव हाच असतो. ‘घाटमाथा’ आणि हेटाळणीचा ‘घाटी’ हे शब्दही वाटेच्या अर्थावरच उभे आहेत. घाट म्हणजे नुसता पर्वत असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख तेथेच का कोरला गेला, हे उमगणार नाही. लेख कोरला गेला तो रहदारीच्या वाटेवर. सह्याद्री हे निसर्गाचे काम, घाट हे माणसाच्या पायांचे. जुने गद्य, बखरी व लोकगीते शिकविताना हा भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. अन्यथा आपल्याच भाषेतील शब्द आपण परभाषेच्या अर्थाने वाचू लागू.