सांध्याचे संपादन : रोलर कोस्टरचा संगणकीय मार्ग आणि रेल्वेचे वळण

‘संपादन’ हा शब्द आपण ग्रंथांच्या संदर्भात इतका योजतो की, लोखंडी रुळांच्या बाबतीत तो कोणी वापरला तर प्रथम नवल वाटावे. तथापि रोलर कोस्टरचा मार्ग संगणकावर रचून त्यावरून काल्पनिक गाडी चालवून पाहण्याच्या ज्या आज्ञावली गेल्या पंचवीस वर्षांत प्रचारात आल्या, त्यांतील मुख्य क्रिया संपादन हीच आहे. मार्गाचा पहिला खर्डा थोड्या वेळात होतो. पुढचे सारे श्रम खर्च होतात ते रचलेल्या मार्गातील एखादा खंड काढणे, लांबविणे, वाकविणे किंवा त्याच्या जागी दुसरा बसविणे यांत. हे काम नेमके कशाचे, याचे विवरण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. माझ्या मते आपण खंड दुरुस्त करीत आहोत असे रचनाकारास वाटत असले, तरी वस्तुतः तो दुरुस्त करीत असतो ते दोन खंडांमधील सांधे. हे ज्यास उमगले नाही त्याचा मार्ग पडद्यावर सुरेख दिसेल, पण त्यावरून जाणाऱ्या माणसाची मान मोडावयास तो पुरेसा ठरेल.

या आज्ञावलींचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. १९९९ साली ख्रिस सॉयर या स्कॉटिश रचनाकाराने तयार केलेल्या ‘रोलरकोस्टर टायकून’ या खेळात मार्गाचे तुकडे आधीच घडवून ठेवलेले होते : सपाट, मंद चढाचा, तीव्र चढाचा, लहान वळणाचा, मोठ्या वळणाचा. खेळणाऱ्याने एकामागून एक तुकडा जोडावयाचा. याउलट २००१ साली आलेल्या ‘नोलिमिट्स’ या जर्मन आज्ञावलीत घडीव तुकडे नसतात. रचनाकार अवकाशात बिंदू ठेवतो, प्रत्येक बिंदूला दोन बाजूंस अदृश्य दांड्या असतात, आणि त्या दांड्या ओढल्या की बिंदूंमधील रेषा वाकते. मराठी वाचकास हा भेद छंदःशास्त्राच्या परिचयामुळे चटकन कळेल. पहिला प्रकार अक्षरगणवृत्ताचा. त्यात य, म, त, र हे गण ठरलेले, कवीने त्यांचा क्रम तेवढा पाळावयाचा. दुसरा प्रकार ओवीच्या जवळचा. तिच्यात चरणाची लांबी कवीच्या हाती असते, पण म्हणूनच कोठे थांबावे याची जबाबदारीही त्याच्यावर येते. (उपमा येथवरच ताणावी. वृत्तभंगाने कोणाची हाडे दुखत नाहीत.)

घडीव तुकड्यांच्या पद्धतीत मधला एक तुकडा काढून त्याऐवजी निराळा बसविला, तर पुढचे तुकडे जागचे हलत नाहीत. नवा तुकडा संपतो तेथे मार्ग तुटतो, आणि वर्तुळ पूर्ण झाल्याखेरीज गाडी प्रवाशांसाठी खुली करता येत नाही. दोष निदान उघड तरी दिसतो. बिंदूंच्या पद्धतीत तसे होत नाही. तेथे बिंदू हलविला की दोन्ही बाजूंची रेषा आपोआप त्याच्यामागे जाते, मार्ग अखंडच राहतो, आणि दोष त्या अखंडपणाच्या आत दडतो.

तो दोष समजण्यासाठी सांध्याच्या तीन पायऱ्या ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली पायरी जागेची : एक खंड जेथे संपतो तेथेच दुसरा सुरू झाला पाहिजे. दुसरी दिशेची : सांध्यावर कोन पडता कामा नये. डोळ्याला एवढ्याने समाधान होते. शरीराला होत नाही. तिसरी पायरी वक्रतेची आहे. सरळ रूळ आणि ३० मीटर त्रिज्येचा वर्तुळखंड हे दिशा न मोडता जोडता येतात. सांधा कोठे आहे हे पाहणाऱ्यास सांगताही येणार नाही. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्या सांध्यावर आली की प्रवाशाला बाजूस ढकलणारे बल शून्यावरून एकदम त्याच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक होते. हेच वळण १५ मीटर लांबीच्या, हळूहळू आकुंचन पावणाऱ्या वक्रातून सुरू केले, तर तेवढेच बल जवळजवळ एका सेकंदात वाढत जाते आणि मान सावरावयास सवड मिळते. बलाचे अंतिम माप दोन्हीकडे एकच. फरक आहे तो केवळ ते कसे येते याचा. मराठीत ‘अंगवळणी पडणे’ हा प्रयोग आपण सवयीसाठी करतो. रचनाकाराने तो काही काळ अक्षरशः घ्यावा.

या तिसऱ्या पायरीचे अज्ञान किती महाग पडते याचा दाखला जुना आहे. न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे १८९५ साली ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा उलटा फेरा उभारण्यात आला. तो पूर्ण वर्तुळाकार होता. गणित साधे आहे : वर्तुळाच्या माथ्यावरून गाडी जेमतेम न पडता जावयाची असेल, तर तळाशी तिला एवढा वेग हवा की तेथे प्रवाशास आपले वजन सहापट भासते, आणि सरळ रुळावरून वर्तुळात शिरताक्षणीच ते एकपटीवरून सहापट होते. प्रत्यक्षात घर्षणासाठी वेग अधिकच ठेवावा लागे. प्रवाशांच्या माना आणि पाठी दुखावल्या व तो फेरा अल्पावधीत बंद झाला. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियात अँटन श्वार्झकॉफ आणि अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी ‘रेव्होल्यूशन’ नावाच्या रोलर कोस्टरमध्ये उलटा फेरा पुन्हा यशस्वी केला, तो वर्तुळ सोडून. त्यांच्या फेऱ्याचा आकार उलट्या थेंबासारखा होता. तळाशी त्रिज्या मोठी, माथ्याशी लहान, आणि मधली वक्रता अंतराच्या प्रमाणात वाढत जाणारी.

वस्तुतः ही वाढती वक्रता नवी नव्हतीच. रेल्वेच्या अभियंत्यांना ती एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाली होती. रोलर कोस्टरच्या व्यवसायाने शेजारच्या शास्त्राकडे पाहिले नाही, एवढाच याचा अर्थ. ज्ञानशाखांच्या भिंती केवळ आपल्या विद्यापीठांतच असतात असे नव्हे.

जबलपुरात बसून या विषयावर लिहिताना रेल्वेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, कारण हे शहर रेल्वेच्या इतिहासात सांध्याचेच शहर आहे. मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची वाट आणि अलाहाबादेकडून आलेली ईस्ट इंडियन कंपनीची वाट मार्च १८७० मध्ये येथे जोडल्या गेल्या, आणि मुंबई-कलकत्ता असा सलग प्रवास शक्य झाला. (ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांतील जगप्रवासाच्या कादंबरीत ही वाट १८७२ सालीही मध्येच तुटलेली आहे आणि नायकाला हत्ती विकत घ्यावा लागतो. कादंबरीकाराला तुटलेला सांधा अधिक उपयोगी पडतो.) विसाव्या शतकाच्या आरंभी येथून नैनपूरमार्गे गोंदियापर्यंत, म्हणजे मराठी मुलखाच्या उंबरठ्यापर्यंत, ७६२ मिलिमीटर रुंदीचा अरुंद मार्ग गेला. जबलपूरची ती लहान गाडी २०१५ साली थांबली आणि त्या वाटेवर रुंद मार्ग घालण्यात आला. हा बदल म्हणजे केवळ दोन रुळांमधील अंतर वाढविणे नव्हे. भारतीय रेल्वेच्या नियमांप्रमाणे अरुंद मार्गाचे वळण ४४ मीटर त्रिज्येपर्यंत आवळता येते. रुंद मार्गाला १७५ मीटरच्या आत येता येत नाही. लहान गाडी डोंगराच्या कुशीत जशी वळे तशी मोठी गाडी वळू शकत नाही. तिला डोंगर कापावा लागतो अथवा भराव घालावा लागतो.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून उद्बोधक आहे ती रेल्वेची नित्याची दुरुस्ती. गाड्यांच्या धक्क्यांनी वळण बिघडते. रूळ कोठे बाहेर सरकतो, कोठे आत. ते तपासण्याची रीत अशी : वळणावर दर दहा मीटरांवर खूण करावयाची, वीस मीटरांची दोरी बाहेरच्या रुळाला लावून ताणावयाची, आणि दोरीच्या मध्यापासून रुळापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावयाचे. या अंतराला रेल्वेची माणसे व्हर्साईन म्हणतात. वीस मीटरांच्या दोरीसाठी ५०,००० ला त्रिज्येने भागले की ते मिलिमीटरांत मिळते; ५०० मीटरांच्या वळणावर ते १०० यावयास हवे. आता पाच खुणांवर १००, ९४, ११२, ९४, १०० अशी मापे आली असे समजू. मधल्या खुणेशी रूळ बाहेर गेला आहे हे उघड आहे. तो बारा मिलिमीटर आत ओढला की तेथील माप १०० होते. पण तेवढेच होत नाही. शेजारच्या दोन्ही खुणांवर मोजताना दोरीचे एक टोक याच मधल्या खुणेशी असते. ते टोक बारा मिलिमीटर आत गेले म्हणजे दोरीचा मध्य सहाने आत जातो, आणि न हलविलेल्या त्या दोन जागांची मापे ९४ वरून १०० वर येतात. एका ठिकाणी ओढलेल्या रुळाने तीन जागा सुधारल्या.

उलटही तितकेच खरे आहे. मापे मुळात १००, १००, ११२, ८८, १०० अशी असती, तर मधला रूळ आत ओढताच शेजारच्या चांगल्या जागेचे १०६ झाले असते आणि दुसऱ्या बाजूचे ९४; मग ती सुधारावयास त्यांच्याही शेजाऱ्यांना हात लावावा लागला असता. सगळ्या मापांची बेरीज मात्र दोन्ही उदाहरणांत आधी आणि नंतर तीच राहते, कारण वळणाने गाडीला एकंदर किती वळवावयाचे ते ठरलेले असते. जे एके ठिकाणी कमी करावे ते दुसरीकडे द्यावे लागते. दोरी आणि पट्टी घेऊन रुळावर उन्हात काम करणाऱ्या गँगमनला हा नियम हाताने ठाऊक असतो.

संगणकाच्या पडद्यावर बिंदू ओढणाऱ्या विद्यार्थ्याला तो तसा ठाऊक नसतो, कारण त्याला काहीच जड लागत नाही. त्याने एक टेकडी दोन मीटर उंच केली की बल दाखविणाऱ्या आलेखात दोन्ही बाजूंच्या दऱ्यांशी टोके उमटतात. मग तो दऱ्या दुरुस्त करावयास जातो, आणि दोष पुढच्या टेकडीवर जातो. अशा वेळी बहुतेक आज्ञावली एक सोय पुढे करतात : निवडलेला भाग गुळगुळीत करणारी कळ. ती शेजारच्या बिंदूंची सरासरी घेत रेषा सैल करते. या कळीविषयी माझे मत प्रतिकूल आहे. दोष आणि हेतू यांतील भेद तिला कळत नाही. रचनाकाराने मुद्दाम ठेवलेली तीव्र उसळीही ती पुसते. नकलाकाराने न समजलेला पाठ सोपा करून लिहावा, तशी ती वागते. ती वापरू नये असे नव्हे; पण आधी आलेख वाचावा, सांधा कोणता बिघडला ते ओळखावे, आणि मग त्याच्या आजूबाजूच्या तीन-चार बिंदूंपुरतीच वापरावी.

वेगाचा प्रश्न याहून निराळा आहे. चढावर ओढून नेऊन सोडलेली गाडी पुढे केवळ गुरुत्वाने धावते. मधली टेकडी कमीजास्त केली तर तेथील वेग बदलतो, पण घर्षण सोडले तर पुढच्या दरीतला फारसा बदलत नाही. पहिला चढ मात्र २० मीटरांऐवजी २५ मीटर केला, की तळाशी वेग ताशी सुमारे ७१ किलोमीटरांवरून ८० वर जातो. बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने जमिनीलगतचे प्रत्येक वळण, त्याला हातही न लावता, पंचवीस टक्के अधिक कठोर होते. म्हणून पहिला चढ शेवटी बदलणे हा संपादनातला सर्वांत महाग बदल होय.

कलाविषयी थोडे सांगितले पाहिजे. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, आणि रेल्वेत ही उंची वक्रतेबरोबरच क्रमाने वाढवीत नेतात. रोलर कोस्टरमध्ये कल कितीतरी अधिक असतो. तो रुळाभोवती फिरविला तर रुळाहून वर बसलेल्या प्रवाशाचे डोके बाजूला फेकले जाते. म्हणून मार्ग प्रवाशाच्या छातीतून जाणाऱ्या कल्पित रेषेभोवती फिरवितात. या रीतीच्या प्रसाराचे श्रेयही मुख्यतः श्टेंगेलकडे जाते. आज्ञावलींत कलाची नोंद बऱ्याचदा आकाराहून वेगळी असते. वळण दहा मीटर पुढे सरकविले आणि कल जुन्याच जागी राहिला, तर गाडी सरळ रुळावर तिरपी होते आणि वळणावर सरळ. पडद्यावर लांबून पाहताना हे मुळीच दिसत नाही.

वळणच टाळण्याचाही एक उपाय असतो. बोरघाटात १८६३ साली गाडी सुरू झाली तेव्हा एका ठिकाणी वळावयास जागाच नव्हती. तेथे गाडी थांबवून उलट्या दिशेने पुढे काढीत, आणि ही व्यवस्था १९२९ साली नवी वाट होईपर्यंत चालली. त्या घाटाच्या कामात पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. तेथे आखणीतल्या बदलाची किंमत कळ दाबून फेडता येत नव्हती. आज त्याच घाटाखाली, खोपोलीजवळ, २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात एका स्विस कंपनीने घडविलेला ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर प्रवाशांना पाच वेळा उलटे करतो.

संपादनास बसण्यापूर्वी कोणते बिंदू हलवावयाचे नाहीत हे ठरविणे श्रेयस्कर. रेल्वेत वळण सुधारताना पुलावरचा रूळ सरकविता येत नाही. जबलपूरहून गोंदियाकडे जाताना नर्मदेवर जो पूल लागतो तो दोरीसाठी हलणार नाही. तेथील सरक शून्य धरतात आणि उरलेला फरक अलीकडे-पलीकडे वाटून देतात. रोलर कोस्टरमध्ये असे पूल तीन : फलाट, पहिला चढ आणि शेवटचा ब्रेकचा भाग. ते आधी कुलूपबंद करावेत, आणि मग पहिल्या उतारापासून पुढे, गाडी ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने, एकेक सांधा तपासत जावे.