बोट लागते ती पोटाला नव्हे, कानाला

दिवाळीची सुट्टी लागली, की कराड, पाटण, सांगली भागातल्या गाड्या कोकणाकडे वळतात. कोणी कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठतो आणि पुढे हर्णैच्या सुवर्णदुर्गाकडे जातो. कोणी महामार्गाने कोल्हापूर आणि तेथून गगनबावडा किंवा फोंडा घाटाने मालवणला. पावसाळाभर बंद असलेल्या होड्या पुन्हा सुरू झालेल्या असतात. सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी तारकर्ली, जमले तर डॉल्फिन पाहायला समुद्रात आणखी एक फेरी, असा बेत गाडीत बसल्यापासून रंगतो. आणि घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागच्या सीटवरून आवाज येतो, "आई, मळमळतंय." प्लॅस्टिकची पिशवी सापडेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी जेटीवर तेच मूल आनंदाने होडीत उडी मारते. या वेळी पाळी येते ती काकांची. काल घाटात पोराला "खिडकीतून बाहेर बघ, काही होत नाही" असे सांगणारे काका आता पांढरेफटक पडलेले असतात, कपाळावर घाम, तोंडाला पाणी सुटलेले. घरची मंडळी हसतात. काकांना मात्र किल्ला नको, डॉल्फिन नको, फक्त जमीन हवी असते.

याला आपल्याकडे गाडी लागणे, बोट लागणे म्हणतात. वैद्यकशास्त्रात दोन्हींचे नाव एकच आहे, 'मोशन सिकनेस'. मळमळीसाठी इंग्रजीत वापरला जाणारा 'नॉशिया' हा शब्दसुद्धा ग्रीक भाषेतल्या 'नाउस' म्हणजे नौका या शब्दावरून आला आहे. आपला 'नौका' शब्द त्याच कुळातला. माणूस समुद्रावर गेला तेव्हापासून हा त्रास त्याच्या सोबतीला आहे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षे 'बीगल' जहाजावर होता आणि त्या सगळ्या सफरीत त्याला बोट लागत राहिली. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन यालाही ती लागत असे. तेव्हा काकांनी लाजण्याचे कारण नाही.

कान आणि डोळे यांचे भांडण

उलटी पोटातून येते म्हणून दोष पोटाला दिला जातो. "सकाळी वडा खाल्लास ना, म्हणून झाले," हे वाक्य प्रत्येक सहलीत ऐकू येते. प्रत्यक्षात त्रासाची सुरुवात होते कानात.

आतल्या कानात ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिच्यात द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात. डोके वळले, की त्यातला द्रव हलतो आणि कोणत्या बाजूला वळलो हे मेंदूला कळते. शेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांच्यातल्या पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसलेले असतात. आपण पुढे-मागे किंवा वर-खाली हललो, की हे खडे सरकतात आणि तशी बातमी मेंदूला जाते. डोळे आपली बातमी देतात, पायांचे तळवे, सांधे आणि स्नायू त्यांची देतात. चालताना, पळताना या सगळ्या बातम्या जुळतात.

गाडीत मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेल्या मुलाच्या बाबतीत त्या जुळत नाहीत. डोळे सांगतात, 'समोरचा पडदा स्थिर आहे.' कान सांगतो, 'आपण डावीकडे वळलो, आता उजवीकडे, आता खाली.' या विसंगतीतून मळमळ सुरू होते. होडीच्या झाकलेल्या भागात बसले की असेच होते. उलट प्रकारही घडतो. मोठ्या पडद्यावर किंवा डोळ्यांना लावायच्या चष्म्यातून वेगवान दृश्ये पाहताना डोळे धावत असतात आणि शरीर खुर्चीत असते. तेव्हाही काहींना मळमळते.

हलण्याच्या गतीलाही महत्त्व आहे. साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारी संथ हालचाल सर्वांत त्रासदायक ठरते. लाटांवरची होडी नेमकी तशीच हलते. म्हणूनच होडी वेगात असताना ठीक वाटणाऱ्याला डॉल्फिन पाहण्यासाठी इंजिन बंद करून थांबल्यावर एकाएकी कसेतरी होते.

वादळात पत्ते खेळणारी माणसे

कानाचा हा वाटा किती मोठा आहे, याचा पुरावा अमेरिकेत एका विलक्षण प्रयोगातून मिळाला. अंतराळात माणसाच्या शरीराचे काय होईल हे समजून घेण्यासाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदल आणि 'नासा' यांनी गॅलाउडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातील ११ जणांची निवड केली. त्यांतल्या १० जणांना लहानपणी मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा आजार होऊन बहिरेपण आले होते. त्या आजाराने ऐकण्याबरोबरच आतल्या कानातली तोलाची यंत्रणाही निकामी झाली होती.

यांच्यापैकी काहींना कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळच्या खवळलेल्या समुद्रात बोटीवर नेण्यात आले. बोट हेलकावे खात होती, तरी ही मंडळी मजेत पत्ते खेळत होती. त्यांची तपासणी करायला आलेले संशोधक मात्र इतके आजारी पडले, की प्रयोगच थांबवावा लागला. पोट दोघांचेही सारखेच होते. फरक होता तो कानात.

कोणाला जास्त, कोणाला कमी

दोन वर्षांच्या आतील मुलांना गाडी सहसा लागत नाही. त्यानंतर त्रास वाढत जातो, नऊ-दहा वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि मोठेपणी बहुतेकांचा कमी होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो अधिक होतो. पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात आणखी वाढतो. अर्धशिशी असणाऱ्यांना गाडी चटकन लागते. ड्रायव्हरला मात्र ती क्वचितच लागते. पुढचे वळण कुठे येणार हे त्याला आधी दिसते आणि त्याचा मेंदू तयार असतो.

समुद्रावर दोन-तीन दिवस काढले, की बहुतेकांचे शरीर सरावते. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा सफरीत शरीराला समुद्राची सवय व्हायला अवधी मिळतो. तास-दोन तासांसाठी होडीत बसणाऱ्या पर्यटकाला तो मिळत नाही. त्याने थोडी तयारी करूनच जावे.

तयारी कोणती करावी?

निघण्यापूर्वी पोट रिकामे नको आणि भरगच्चही नको. इडली, उपमा किंवा चपाती-भाजी बेताने खावी. तळलेले आणि मसालेदार पदार्थ घाट उतरल्यावर. आदल्या रात्रीची झोप पुरी असावी.

गाडीत त्रास होणाऱ्या मोठ्या माणसाला पुढच्या सीटवर बसवावे आणि दूरच्या रस्त्याकडे पाहायला सांगावे. मागे बसलेल्या मुलांनाही समोरच्या काचेतून रस्ता दिसेल असे बसवावे. मोबाइल, पुस्तक बंद. खिडकी थोडी उघडी. डोके सीटला टेकवून स्थिर ठेवावे. ड्रायव्हरने वळणावर गाडी हळू घेतली, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

होडीत मधोमध बसावे, कारण टोकांना हेलकावा जास्त असतो. डिझेलच्या धुरापासून दूर, मोकळ्या हवेत राहावे. नजर क्षितिजावर किंवा समोरच्या किल्ल्यावर ठेवावी. तिथे डोळ्यांना तीच हालचाल जाणवते जी कानाला जाणवते, आणि भांडण मिटते. ते जमत नसेल तर डोळे मिटून शांत पडावे. शक्यतो सकाळची फेरी धरावी. दुपारनंतर किनाऱ्यावर वारा वाढतो आणि पाणी चढू लागते.

आले, लिंबू, आवळा सुपारी हे घरगुती उपाय अनेकांना बरे वाटतात. आल्याबाबतचे अभ्यास एकमुखी नाहीत, पण आलेपाकाचा तुकडा चघळण्यात धोका नाही. सीटवर वर्तमानपत्र पसरून बसण्याने कानात काहीच बदलत नाही. तरीही 'आता होणार नाही' या विश्वासाने काहींची मळमळ खरोखर कमी होते.

गोळी घ्यायची तर आधी

प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन, सिनारिझिन ही या त्रासावरची नेहमीची औषधे. औषधानुसार ती प्रवासाच्या अर्धा ते दोन तास आधी घ्यावी लागतात. मळमळ सुरू झाल्यावर पोटातले अन्न आणि गोळी पुढे सरकणे मंदावते, त्यामुळे घाटाच्या मध्यावर दिलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. उलटीवर सर्रास दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळीही गाडी लागण्यावर विशेष चालत नाही.

या बहुतेक औषधांनी झोप येते. म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नयेत आणि कोणीही त्यांच्यासोबत मद्य घेऊ नये. पोहायला किंवा पाण्याखाली डुबकी मारायला उतरणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन कधीही देऊ नये. मोठ्या मुलांनाही 'मोठ्यांची अर्धी गोळी' असा हिशेब न करता वजनानुसार मात्रा विचारून घ्यावी. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, लघवी अडणे असे त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी सल्ल्याशिवाय ही औषधे टाळावीत. सिनारिझिन दीर्घकाळ घेतल्यास वृद्धांना हातापायांचा कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. ते सहलीपुरतेच ठेवावे.

'गाडी लागली' म्हणून सोडून देऊ नका

खरा धोका उलटीत नाही. तो आहे प्रत्येक उलटीला 'गाडी लागली' म्हणण्यात.

आयुष्यात कधी गाडी न लागलेल्या पन्नाशी-साठीच्या माणसाला घाटात अचानक दरदरून घाम सुटला, उलटी झाली, छाती जड वाटली, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखताही, केवळ मळमळ, घाम आणि कमालीचा थकवा अशा रूपात तो येतो. अशा वेळी लिंबू-सरबत पाजत 'घाट उतरला की बरे वाटेल' म्हणण्यात मोलाची वेळ जाते. 'गावी परत जाऊ आणि आपल्या डॉक्टरांना दाखवू' हा विचारही महागात पडतो. १०८ ला फोन करावा, किंवा जवळचे रुग्णालय गाठावे, मग ते घाटाच्या वर असो वा खाली.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, 'गाडी लागते म्हणून' न खाता निघणारे बरेच असतात. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही रक्तातली साखर उतरल्याची चिन्हे आहेत. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. चक्कर आणि उलट्यांबरोबर बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, चालताना एका बाजूला झोक जाणे हे पक्षाघाताचे लक्षण असू शकते. साधा नियम असा : गाडी थांबली किंवा होडीतून उतरलो, की गाडी लागलेला माणूस थोड्या वेळात सावरू लागतो. न सावरणाऱ्याला दवाखान्यात न्यावे.

होडीत आणखी एक धोका असतो. उलटी येते तेव्हा माणूस आपोआप काठावरून बाहेर वाकतो. अंगात त्राण नसते, होडी हलत असते आणि गरम होते म्हणून लाइफ जॅकेटचे पट्टे सोडलेले असतात. पाण्यात पडण्यासाठी याहून वेगळे काही लागत नाही. पिशवी हाताशी ठेवावी, जागेवर बसूनच उलटी करावी आणि पट्टे शेवटपर्यंत बांधलेले असावेत. लहान मुलांना त्यांच्या मापाचे जॅकेट मागून घ्यावे.

जमीन हलते तेव्हा

परदेशात काही हौशी मंडळी शिडाच्या नौकेतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातात आणि तिथे 'डिस्क गोल्फ' खेळतात. प्लॅस्टिकची तबकडी फेकून खांबावरच्या साखळ्यांच्या टोपलीत कमीत कमी फेकींत टाकायची, असा तो खेळ. बराच वेळ लाटांवर काढून आलेल्याला टोपलीच डोलताना वाटली तर नवल नाही. आपल्याकडे हा खेळ फारसा नाही, पण होडीतून उतरून किनाऱ्यावर तबकडी किंवा चेंडू खेळू लागलेल्या मुलांचे नेमही सुरुवातीला चुकतात. मेंदूने लाटांशी जुळवून घेतलेले असते आणि जमिनीशी पुन्हा जुळवायला त्याला वेळ लागतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर होडीत असल्यासारखे वाटते ते यामुळेच. काही तासांत, फार तर दोन दिवसांत, हे थांबते. त्याहून जास्त काळ टिकले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

उलट्या झालेल्याला घोट-घोट ओआरएस द्यावे, तासाभराने हलके खायला द्यावे. लघवी कमी झालेले, सुस्तावलेले मूल मात्र डॉक्टरांना दाखवावे. आणि परतीच्या दिवशी काकांना सकाळचा नाश्ता बेताने, गोळी वेळेवर आणि सीट पुढची द्यावी. घाट चढताना त्यांना कोणी हसू नये. तोंडात आलेपाकाचा तुकडा मात्र जरूर ठेवावा.